चॉकलेटच्या डब्यातलं धुकं

मी पत्ता बोलतोय. लग्नघरी सतरंजीवर रमीचा डाव रंगतो ना, त्या कॅटातला मी नव्हे. आमच्यात राजा, राणी, गुलाम अशी ठरलेली उतरंड नसते. आमच्या खेळाचं नाव ‘धुक्याचं राज्य’. त्यात प्रत्येक पत्त्यावर निराळं चित्र असतं आणि चित्राखाली त्या पत्त्याची करामत एक-दोन ओळींत लिहिलेली असते. माणसं बंद पाकिटं विकत घेतात, आतून निघेल ते जमवतात, अदलाबदल करतात, आपापली गड्डी बांधतात आणि समोरासमोर बसून तासन् तास लढतात. पाकिटात कोण निघेल हे आधी कुणालाच कळत नाही. सगळी मजा त्यातच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझं निम्म्याहून जास्त आयुष्य अंधारात गेलं. यंत्राने छापलं, पात्याने कापलं, आणि मी नीट जागा व्हायच्या आत चंदेरी पाकिटात बंद झालो. पुढे एक भाऊ, मागे एक भाऊ, सगळे एकमेकांना चिकटून. त्यामुळे माझ्या तोंडावर काय काढलंय हे मलाच ठाऊक नव्हतं.

आत आम्ही अंदाज बांधत बसायचो. एक भाऊ म्हणायचा, मी बहुतेक राजवाडा असणार, मला आतून फार ऐसपैस वाटतं. दुसऱ्याला वाटायचं आपण तलवार आहोत, कारण त्याला अंगाला सारखी खाज सुटायची. मला काहीच वाटायचं नाही, म्हणून मी गप्प बसायचो. एकच हुरहुर होती. कुणीतरी पाकीट फाडावं, मला हातात घ्यावं आणि माझी चाल खेळावी. पत्त्याच्या जातीला याहून मोठी इच्छा नसते.

वाल्येवो गावात, कोलुबारा नदीच्या काठी खेळण्यांचं एक दुकान होतं. तिथे एका खिळ्याला मी लटकलो. दुकानात खोडरबराचा आणि ओल्या कोटांचा वास असायचा. मागच्या खोलीत शनिवारी टेबलं मांडली जायची आणि गावातले पत्तेवेडे जमायचे. त्यांच्यात रादोमिर नावाचा एक उंच मुलगा होता आणि यास्ना नावाची एक मुलगी. तो कायम हरायचा आणि ती जिंकली की असं खळखळून हसायची की खिळ्यावर आम्ही सगळे हलायचो.

“आणखी एक डाव,” तो म्हणायचा. “हा शेवटचा.”

“मघाशीही शेवटचाच म्हणाला होतास.”

“तो हरण्यातला शेवटचा. आता जिंकण्यातला पहिला.”

मला त्या आवाजांची सवय झाली. पुढे दुकानाचा म्हातारा मालक मुलीकडे राहायला निघाला आणि दुकान बंद व्हायची वेळ आली. शेवटच्या दिवशी खिळ्यावर आमचं एकच पाकीट उरलं होतं. ते यास्नाने घेतलं.

त्याच सुमारास दोघांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती. स्वयंपाकघरात टेबल, दोन खुर्च्या आणि छतावरून ठिबकणारं पाणी, एवढाच संसार. वर्तमानपत्रात गुंडाळून तिने मला त्याच्या हातात दिलं.

“फोड.”

“आत्ता?”

“मग कधी? सुट्टी आहे, बाहेर चिखल आहे, कॉफी उकळतेय.”

रादोमिरने मला कानाशी धरून हलवलं. त्याचा अंगठा पाकिटाच्या कोपऱ्यावरून फिरला. आम्ही सगळे आत श्वास रोखून बसलो.

“असं साध्या दिवशी नको,” तो म्हणाला. “तू दिलेलं आहे. एखाद्या चांगल्या दिवशी फोडू.”

“आज काय वाईट आहे?”

तो हसला आणि मला फळीवर ठेवलं. त्या दिवशी त्याच्या मनात लोभ नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला ते पाकीट इतकं आवडलं की फाडवेना. माणसं प्रेमापोटीसुद्धा वस्तूचा छळ करतात, त्यातलाच हा प्रकार.

मग चांगले दिवस आले. लग्न झालं, रादोमिरला जमीनमोजणीच्या कचेरीत नोकरी लागली, स्वतःचा फ्लॅट झाला. प्रत्येक वेळी तो मला हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. कुठलाच दिवस त्याला पुरेसा चांगला वाटला नाही. आणि एके दिवशी त्याला मोबाईलवर कळलं की आमची छपाई फार थोडी झाली होती, आमची बंद पाकिटं आता जगात विरळा उरली आहेत आणि त्यांचा भाव चढतोय.

तिथून माझं नशीब फिरलं. आधी काचेचं कपाट आलं. मग जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी आली, चार कोपऱ्यांना चार बारीक स्क्रू असलेली. मग आणखी बंद पाकिटं आली, बंद खोकी आली, आणि ज्या गड्ड्या घेऊन तो शनिवारी हरायला जायचा त्या कुठल्याशा खणात तळाला गेल्या. घरी कुणी आलं की तो त्यांना कपाटापाशी नेऊन माझा भाव सांगायचा. पाहुणे मान डोलवायचे.

“पत्ते आहेत की लोणचं?” यास्ना स्वयंपाकघरातून विचारायची. “किती मुरवणार?”

“तुला कळत नाही. हे फोडलं की संपलं.”

“लोणचंही बरणी उघडली की संपतं. म्हणून कुणी उघडत नाही होय?”

संध्याकाळी तो सोफ्यावर बसून इतरांची पाकिटं कितीला गेली ते बघायचा. ती टेबलाशी साध्या कॅटाने एकटीच डाव लावायची. पत्ता टेबलावर पडल्याचा तो चपळ आवाज मला काचेतून, प्लास्टिकमधून, चंदेरी कागदातून ऐकू यायचा. आपलीच जातभाई मंडळी खोलीपलीकडे खेळताहेत आणि आपण दागिन्यासारखे बसलोय, याचं फार वाईट वाटायचं.

तिच्या वाढदिवसाला रादोमिरने कॉफीचं मोठं यंत्र आणलं. कंजूष तो कधीच नव्हता.

“बटणं बघ किती आहेत,” तो म्हणाला.

“बघतेय,” यास्ना म्हणाली. थोड्या वेळाने ती कपाट पुसायला आली. पेटीवरून फडकं फिरवता फिरवता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, “रादे, मी तुला एक संध्याकाळ दिली होती. तू ती अजून घेतलीच नाहीस.”

“अगं पण तिची किंमत आता कुठे गेलीय ते तरी बघ.”

तिने फडकं झटकलं आणि ती आत गेली. पाकिटाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

आता डब्याची गोष्ट. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो आणि त्याच्या दिवसाला स्लावा म्हणतात. त्या दिवशी घराचं दार उघडं ठेवायचं. आमंत्रण कुणाला द्यायचं नाही आणि आलेल्याला तू कोण असं विचारायचं नाही. फक्त पाहुण्याने रिकाम्या हाताने येऊ नये. म्हणून एका हातात कॉफीची पुडी आणि दुसऱ्या हातात चॉकलेटचा डबा. तो डबा मात्र कुणी उघडत नाही. यजमानीण ‘कशाला आणलंत’ म्हणते, कपाटावर चढवते आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या स्लावाला घेऊन जाते. शरद ऋतूपासून नाताळापर्यंत असे डबे गावभर हिंडत असतात. काही डब्यांनी गावातल्या टपालवाल्यापेक्षा जास्त घरं पाहिली आहेत.

रादोमिरच्या घरची स्लावा जवळ आली. त्याच्या बहिणीची मुलं येणार होती आणि ती म्हणजे हात लावीन तिथे भोक पाडीन अशी. कपाटाला कुलूप लावलं तर त्यांना जास्तच चेव यायचा. तेव्हा या मोजणीवाल्याने डोकं लढवलं. एका डब्यातली चॉकलेटं कचेरीत नेऊन वाटली, मला पेटीसकट रुमालात गुंडाळून डब्यात बसवलं, म्हणजे खडखड नको, आणि वरचा पारदर्शक कागद इतक्या निगुतीने परत चिकटवला की दुकानदारानेही ओळखला नसता. मग डबा इतर डब्यांच्या रांगेत कपाटावर ठेवून दिला.

“याहून सुरक्षित तिजोरी अख्ख्या देशात नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. खरंच होतं ते. फक्त या तिजोरीला पाय असतात हे तो विसरला, आणि यास्नाला सांगायचंही विसरला.

मुलं आली, धुडगूस घालून गेली. रादोमिर कामावर रुजू झाला आणि मला बाहेर काढणं उद्यावर ढकलत राहिला. दोन आठवड्यांनी देवदूत मिखाईलचा दिवस उजाडला. यास्ना औषधांच्या दुकानात काम करायची, तिथल्या स्लोबोदांकाच्या घरची स्लावा. रादोमिर कुठल्याशा डोंगरावर बांध मोजत होता. यास्नाने घाईघाईत कपाटावर हात घातला. एक डबा उचलला, ठेवला. दुसरा उचलला तो आमचा.

“हा बरा वजनदार आहे,” ती म्हणाली.

असा मी घराबाहेर पडलो. आधी थंडी लागली, मग पुलाखालच्या नदीचा आवाज आला. किती वर्षांनी नदी ऐकत होतो. काय सांगू, मला फार छान वाटलं.

“अगं, कशाला आणलंस?” स्लोबोदांका म्हणाली.

“रिकाम्या हाताने येऊ होय?”

झालं, मी तिच्या कपाटावर. तिथे हिवाळ्यासाठी पिवळी बिहीफळं मांडून ठेवलेली होती आणि त्यांचा वास झोपेत शिरायचा. शेजारी आणखी डबे होते. एका डब्यातली चॉकलेटं वयाने पांढरी पडली होती, तरी पारदर्शक कागदावरचा गुलाबी फीत-गुच्छ मात्र अजून तोऱ्यात होता. खालच्या खोलीत माणसं जेवायची, गायची, भांडायची, समेट करायची. आम्ही वर छताशी पडून सगळं ऐकायचो. मला वाटायचं, आपण सगळे ढग आहोत आणि खाली कुणाचं तरी गाव आहे.

तिथून मी डॉक्टर कालिनांकडे गेलो. स्लोबोदांकाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी केलं होतं.

“डॉक्टर, हे आपलं असंच. गोड म्हणून.”

“अहो, माझ्या घरात आता मिठाईचं दुकान निघेल,” डॉक्टर म्हणाल्या आणि मला त्यांच्या कपाटावरच्या डोंगरात ठेवलं. तिथे दिवस कसे गेले कळलं नाही. बाहेर बर्फ पडत असावा, कारण रस्त्याचे आवाज मऊ झाले होते. आम्ही पंधरा भाऊ एकमेकांना टेकून झोपायचो. पूर्वी कधी तरी कुणीतरी आम्हाला फोडेल, अशी आशा असायची. त्या डोंगरात तीही हळूहळू पातळ झाली. माझा चेहरा कसा असेल याचा विचार करणं मी सोडून दिलं.

मग संत निकोलाचा दिवस आला. त्या दिवशी अर्धं गाव यजमान असतं आणि अर्धं गाव पाहुणं. उपासाचा काळ, म्हणून घराघरांत मांसाऐवजी मासे शिजतात आणि जिन्याजिन्यांत त्यांचा वास. डॉक्टर कालिना सकाळीच निघाल्या आणि जाताना वरचा डबा उचलला. तो मी होतो.

त्या गेल्या मिलादिन आणि कोसारा यांच्या घरी. मिलादिन बेकरीतून निवृत्त झालेला, हात अजून पावासारखे मऊ आणि जाड. कोसारा त्याची बायको. तिची नजर डॉक्टरांना वाचवता आली नव्हती. आता तिला उजेड आणि अंधार यांतला फरक कळायचा, तेवढाच. टेबलावर मोठी मेणबत्ती जळत होती, स्लावाचा गोल पाव होता, उकडलेल्या गव्हाचा गोड सांजा होता, आणि बऱ्याच रिकाम्या खुर्च्या होत्या. एकेकाळी त्या घरात या दिवशी उभं राहायला जागा नसायची. मग काही जण देवाघरी गेले आणि उरलेले व्हिएन्नाला.

डॉक्टर चमचाभर सांजा खाऊन, कॉफी घेऊन गेल्या. घर शांत झालं.

“डबा वर ठेव,” कोसारा म्हणाली. “कुणाकडे न्यायला होईल.”

मिलादिन डबा हातात घेऊन उभा राहिला. “आता आपल्याला कुणाकडे जायचंय?”

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, “खरंच की. मग उघड.”

अशा रीतीने माझा प्रवास संपला. इतक्या घरांत कुणी डबा उघडला नाही, कारण प्रत्येकाला पुढे जायला एक घर होतं. इथे ते नव्हतं.

कागद फाटला, झाकण निघालं. “चॉकलेट नाहीये गं,” मिलादिन म्हणाला. “रुमाल आहे. रुमालात प्लास्टिकची वीट आहे. विटेत पाकीट. लिहिलंय, धुक्याचं राज्य. खेळायचे पत्ते दिसतात.”

कोसाराने हात पुढे केला. पेटीवरून बोटं फिरवली, कोपरे चाचपले.

“मिलादिन, गेल्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले होते, रेडिओवरच्या बातम्या संपल्या की आमचं बोलणंही संपतं. मी आपली सहज बोलले. तिने लक्षात ठेवलं बघ.” तिने डोळे पुसले. “मला वाटलं, पुन्हा चॉकलेटच असणार.”

मिलादिन सुरी घेऊन पेटीशी झटापट करू लागला. स्क्रू इतके बारीक की त्याच्या जाड बोटांना सापडेनात. तेवढ्यात बेल वाजली.

दारात रादोमिर आणि यास्ना. हातात नवा चॉकलेटचा डबा आणि फळांच्या दारूची, राकियाची, बाटली. रादोमिरला कालच पत्ता लागला होता, म्हणजे डबा जागेवर नसल्याचा. मग घरात काय झालं असेल त्याची कल्पना तुम्हीच करा. सकाळपासून दोघं डब्यामागे गावभर फिरत होती.

“संत निकोलाच्या शुभेच्छा,” यास्ना म्हणाली. “आम्ही डॉक्टर कालिनांच्या ओळखीचे.”

“या, या. ओळख कशाला हवी? बसा. पायमोजे ओले झालेत का बघा, मी कोरडे देतो.” मिलादिनच्या आवाजाची एकदम दहा वर्षं कमी झाली. सांजा आला, माशाचं ताट आलं, राकियाचे छोटे पेले आले. रादोमिरला घास उतरत नव्हता. मी त्याच्यासमोरच होतो, पावाशेजारी, पेटीत.

“यांना धाप लागलीय,” कोसारा म्हणाली. “जिना त्रास देतो का?”

“जिना नाही काकू, जेवण,” यास्ना म्हणाली. “सकाळपासून हे तिसरं घर. पहिल्या घरी यांनी सांगितलं की आम्ही दिलेला डबा शिळा होता, तो परत द्या. ती बाई एवढी रागावली की तिने यांना अर्धा ट्रे बटाटा घालून भाजलेली पोळी खायला लावली आणि वर म्हणाली, आता सांगा शिळी आहे का.”

मिलादिन हसत सुटला. कुठला डबा, काय डबा, हे त्याने विचारलं नाही. तो मला उचलून रादोमिरसमोर धरत म्हणाला, “पोरा, तुझे डोळे तरुण आहेत. हे स्क्रू निघतात का बघ. डॉक्टरीणबाईंनी आमच्यासाठी आणलंय.”

रादोमिरने मला हातात घेतलं. अंगठा कोपऱ्यावरून फिरला तेव्हा मी ओळखलं, हा त्याचाच हात. आता तो सांगेल, मला वाटलं. सांगायला अवघड काय होतं? काका, हे चुकून आलंय, माझं आहे, हा घ्या तुमचा चॉकलेटचा डबा. कुणी त्याला नावं ठेवली नसती. मिलादिनने उलट दोनदा माफी मागितली असती.

“खेळायला शिकायला वेळ लागतो का हो याला?” कोसाराने विचारलं. “मला दिसत नाही. पण हा मला वाचून दाखवेल. संध्याकाळी आम्हाला पुष्कळ वेळ असतो.”

यास्ना आपल्या ताटाकडे बघत होती. रादोमिरने तिच्याकडे पाहिलं, मग मेणबत्तीकडे, मग माझ्याकडे. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

“काका,” तो म्हणाला, “चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?”

यास्नाचा काटा ताटावर थांबला.

एक एक स्क्रू निघाला. पेटी उघडली. रादोमिरने पाकीट बोटांत धरलं आणि तो फाडायची कड शोधू लागला.

“कात्री देऊ?” मिलादिनने विचारलं.

“नको,” यास्ना म्हणाली. “फाड.”

आणि त्याने फाडलं. तो आवाज मी कधीही विसरणार नाही. त्यानंतर आला मेणबत्तीचा उजेड, पिवळा, हलणारा, माशाच्या वासाने भरलेला. उजेड इतका ऊबदार असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

रादोमिर एक एक पत्ता उचलून कोसाराला सांगू लागला. राजवाड्याची स्वप्नं बघणारा माझा भाऊ निघाला एक रागीट बदक. तलवारवाला निघाला विणकाम करणारी म्हातारी. त्याची खाज त्या लोकरीची असणार. कोसारा हसत होती, मिलादिन मान पुढे काढून बघत होता. मग रादोमिरच्या हातात माझ्या अगदी आधीचा पत्ता आला आणि त्याचा आवाज बंद पडला. ती चांदीच्या वर्खाची हरिणी होती. जिच्या आशेवर जगभरातले लोक ही पाकिटं जपून ठेवतात ती. यास्नानेही ओळखली.

“काय झालं?” कोसाराने विचारलं.

“काही नाही काकू. हरिणी आहे. पाणी पितेय.” त्याने ती कोसाराच्या हातात ठेवली. टेबलाखालून यास्नाने त्याचा गुडघा घट्ट धरला होता. मला दिसलं.

मग मी.

“ही एक खाणावळ आहे,” रादोमिर म्हणाला. हरिणीवर त्याने चार शब्द खर्चले होते. माझ्यावर तो बोलतच राहिला. “डोंगरातली. बाहेर सगळं धुकं. एकच खिडकी उजळलेली आहे. आत टेबल आहे, दोन वाडगे आहेत, त्यातून वाफ निघतेय. दोन माणसं बसलीत. चेहरे दिसत नाहीत, पाठमोरी आहेत. एकाने चिखलाचे बूट काढून चुलीपाशी ठेवलेत. बहुतेक ही दोघं बाहेर लढत होती, कारण दाराशी दोन ढाली टेकवलेल्या आहेत, एकीवर एक.”

मी ऐकत होतो. हा मी होतो तर. धुकं, खिडकी, वाफ, ओले बूट. इतकी वर्षं हे सगळं माझ्याच अंगावर होतं.

“आणि याची करामत काय?” मिलादिनने विचारलं.

“दोन्ही खेळाडूंनी एकेक पत्ता उचलावा. एवढंच.” रादोमिर जरा ओशाळला. “हा कुणी खेळत नाही काका. आपण खेळायचा आणि समोरच्याचाही फायदा.”

“मग त्यात वाईट काय आहे?” कोसारा म्हणाली.

यास्ना हसली. दुकानात खिळे हलवणारं हसू ते, मी कुठेही ओळखलं असतं. हसता हसता तिला रडू आलं आणि रादोमिर तिला रुमाल द्यायला खिसे चाचपू लागला. त्याचा रुमाल डब्यात होता.

एका पाकिटात खेळ होत नाही, दोन गड्ड्या लागतात. म्हणून पुढच्या गुरुवारी रादोमिर खणाच्या तळातल्या आपल्या जुन्या गड्ड्या घेऊन आला आणि काचेच्या कपाटातली तीन पाकिटंही. ती कोसारानेच फाडली. कोसाराला पत्ते ओळखता यावेत म्हणून मिलादिनने सुई आणली आणि प्रत्येकाच्या कोपऱ्याला खुणेची बारीक भोकं पाडायचं ठरलं. आपल्याच पत्त्यांना सुई टोचणारा संग्राहक तुम्ही पाहिलाय? आमच्या रादोमिरने ते स्वतः केलं. हरिणीला टोचताना त्याने डोळे मिटले होते, एवढंच. मला दुखलं का? दुखलं. पण पत्ता झाल्यावर इतकं तरी सोसायला हवं.

पुढच्या तपासणीला कोसाराने डॉक्टरीणबाईंचे हात धरून आभार मानले. डॉक्टर गोंधळल्या, मग म्हणाल्या, “आवडलं ना? मग झालं.” खरं काय ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटत नाही. यास्नाचं ते बटणांचं यंत्र स्लोबोदांकाकडे गेलं, तिला ते मनापासून हवं होतं. यास्ना-रादोमिरच्या घरी आता कॉफी पुन्हा लांब दांड्याच्या भांड्यात उकळते, आणि म्हणे कधी कधी उतू जाते, कारण डाव मध्येच सोडवत नाही.

आता माझं म्हणाल तर बाजारात मला कुणी हात लावणार नाही. कोपरे गोल झालेत, अंगाला भोकं आहेत, पाठीवर आलुबुखाराच्या मुरंब्याचा डाग आहे. मी तुमच्याकडे काही मागत नाही. फक्त तुमच्या कपाटावर कुणी दिलेलं काही बंद पडलं असेल तर ते आज खाली काढा. देणाऱ्याने ते देताना कुठला तरी एक दिवस मनात धरलेला असतो, आणि तो बहुधा आजच्यासारखाच असतो.

आज गुरुवार आहे. रादोमिर हरायला आलाय. मिलादिनने पाव भाजलाय. कोसाराच्या हातात आठ पत्ते आहेत, ती एकेकाचा कोपरा बोटाने चाचपतेय, आणि तिचं बोट माझ्या भोकांवर येऊन थांबलंय. यास्ना म्हणतेय, काकू, तो नका खेळू, रादेला मदत होईल, तुम्ही जिंकत आलात.

कोसाराने मला टेबलावर ठेवलं. “दोघंही एकेक उचला, यास्ना माझ्या वतीने,” ती म्हणाली, “आणि काय आलं ते मला सांगा.”